बाज उगवायची वाट

पाडव्याच्या रात्री जेवणं झाल्यावर हे जिना चढून स्लॅबवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. हे म्हणजे माझे यजमान. नाव लिहायची सवय नाही, म्हणून 'हे' असंच लिहिते.

डॉक्टरांनी त्यांना जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं. लूमच्या कारखान्यात सुतानं भरलेली बीमं, म्हणजे जड रूळ, उचलून उचलून त्यांच्या जांघेत हर्नियाची गाठ झाली होती. दिवसभर ती बाहेर यायची आणि रात्री उताणं झोपलं की आपोआप आत जायची. गेल्या काही दिवसांत ती आत जायला वेळ घेऊ लागली होती. हे ओठ आवळून हातानं हळूहळू दाबायचे आणि मी पलीकडं तोंड करून पडायचे, कारण मी बघतेय असं कळलं तर ते दाबायचं सोडून द्यायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आतडं एकदा अडकलं की मग कुणाच्या हातात काही राहत नाही. दिवाळी करा आणि लगेच या." दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी उपाशी पोटी भरती व्हायचं ठरलं होतं.

मी वर गेले तर हे कठड्याला धरून उत्तरेकडं तोंड करून उभे होते. खाली गल्लीत पोरं फटाके उडवत होती.

"दिसंना," ते म्हणाले.

"काय दिसंना?"

"अरुंधती. आन् अरुंधतीचं सोड, सातातला एकबी न्हाय."

ते कशाचं म्हणतायत ते मला लगेच कळलं. कारण त्यांच्या घरातली ही गोष्ट मला लग्न झाल्यापासून माहीत होती. सप्तर्षीत सात तारे असतात. त्यातल्या वसिष्ठाला अगदी लागून एक बारीक तारा असतो, ती अरुंधती. ज्याला ती दिसायची बंद होते तो माणूस पुढं सहा महिने काढत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. माझे सासरे वैरागजवळच्या गावात उन्हाळ्याच्या रात्री अंगणात पडून पोरांना हे तारे दाखवायचे. एका वैशाखात त्यांनी पोरांना विचारलं, "आज अरुंधती हाय का रं जाग्यावर?" पोरं म्हणाली, "हाय की." सासरे म्हणाले, "मग मलाच दिसंना." दसऱ्याच्या आत ते गेले. तेव्हा हे बारा-तेरा वर्षांचे होते.

एरवी हे अंगारे-धुपाऱ्याच्या नादाला लागणारे नाहीत. पण ही एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली होती. ऑपरेशनच्या आधी एकदा बघून घेऊ, म्हणून ते वर गेले होते.

"मी सोमवारी येत न्हाय," ते म्हणाले. "मरायचंच हाय तर पोट फाडून घिऊन कशाला मरू? घरात मरतो, धड अंगानं."

मी म्हटलं, "आवो, दिवाळीत रातच्याला बाज वर नसतीच."

माझं माहेर सांगोल्याकडचं. मेंढरं राखणारं घर. आमच्याकडं सप्तर्षीला बाज, म्हणजे खाट, म्हणायचे. चार तारे म्हणजे बाजेचे चार पाय आणि मागचे तीन म्हणजे म्हातारीची बाज पळवणारे तीन चोर. मधल्या चोराच्या अंगाला जे बारीक बोचकं लागलेलं असतं तीच अरुंधती. कार्तिकात आमची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडली की रात्री राखणीला बसायची. माझे वडील म्हणायचे, या दिवसांत बाज पहाटेला उगवते, बाज वर आली की चूल पेटवायची. हे सगळं मी त्यांना सांगितलं. एवढं सलग मी सहसा बोलत नाही.

हे हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "तुज्या बानं मेंढरास्नी शिकिवलं असंल ते. आमाला साळंत गुरुजींनी शिकिवलंय. ध्रुवाजवळचं तारं ध्रुवाभवतीच फिरत्यात, मावळत न्हाईत. ध्रुव तर त्यो काय हितं हाय." त्यांनी कारखान्याच्या शेडवरच्या पाण्याच्या टाकीकडं बोट केलं. टाकीच्या वर एक मध्यम तारा होता. तो खरंच ध्रुव होता. "ह्यो दिसतो आन् ते दिसत न्हाईत, म्हंजे ते हाईत, मला दिसत न्हाईत."

तेवढ्यात आमची मुलगी वर आली. ती बारावीला आहे. तिनं सगळं ऐकलं आणि फोन काढला. फोनमध्ये आभाळ दिसतं असं तिनं सांगितलं. जिकडं फोन धरावा तिकडचे तारे नावासकट दिसतात. तिनं फोन उत्तरेकडं धरला, मग खाली खाली नेत थेट कठड्याच्या पायाशी नेला.

"हे बघा पप्पा, सप्तर्षी. आई बरोबर सांगतीय. आत्ता ते जमिनीच्या खाली आहेत."

"जमिनीखाली," हे म्हणाले. "म्हंजे गाडलं की."

"पप्पा, तसं नाही हो. पहाटे वर येणार आहेत."

"फोनात काय, मेलेली माणसंबी बोलत्यात. मला डोळ्यानं दिसाय पायजे."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. जिना उतरताना हे मध्येच थांबले, एक हात जांघेवर होता. तिथंच, पाठमोरे राहून ते म्हणाले, "दाखीव मग. सोमवारच्या आत डोळ्यानं दाखीव. दिसली तर येतो दवाखान्यात. न्हाय दिसली तर पुन्यांदा नाव काडायचं न्हाय."

मी व्हय म्हटलं. बोलून तर बसले. बाज पहाटे उगवते हे मला पक्कं माहीत होतं. पण वसिष्ठाच्या अंगाची ती अरुंधती त्यांना दिसेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. ती उजाड माळावर बघायची गोष्ट. आमच्या गल्लीत चहूबाजूंनी शेड, धूर आणि दिवे. आणि ह्यांचे डोळे पंचवीस वर्षं सुताच्या धुळीत काम केलेले. मी त्यांना वर नेलं आणि बाज दिसून अरुंधती नाही दिसली, तर आत्ता नुसती भीती होती ती खरीच ठरली असती. मग त्यांना घराबाहेर कुणीच काढू शकलं नसतं.

म्हणून ठरवलं, आधी आपण बघायचं आणि खात्री झाली तरच ह्यांना उठवायचं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. पहाटे दूधवाल्याच्या आधी उठून मी एकटी वर गेले. फटाक्यांचा धूर खाली बसलेला होता, सगळ्या गल्लीवर गोधडी टाकल्यासारखा. टाकीवरचा ध्रुव तेवढा पुसट दिसत होता. उगवतीच्या अंगाला काही नाही. दिवस उगवेपर्यंत उभी राहिले आणि खाली येऊन पाणी तापवलं.

शुक्रवारी धूर कमी होता, तेव्हा कारखान्याचा दिवा लक्षात आला. शेडच्या कोपऱ्यावर राखणीसाठी मोठा फोकस लावलेला आहे. तो नेमका ईशान्येला, म्हणजे बाज उगवते त्याच बाजूला. त्याच्याकडं बघितलं की डोळ्यापुढं हिरवे ठिपके नाचायचे. मी पदर आडवा धरून फोकस झाकला आणि वर बघत बसले. बाजेचे वरचे दोन पाय दिसले. खालचं काही दिसत नव्हतं.

पण तिथं बसल्या बसल्या मी आभाळ फिरताना बघितलं. लहानपणी बघितलं असेल, पण ध्यान दिलं नव्हतं. टाकीच्या वरचा ध्रुव जागचा हलला नाही. त्याच्या डाव्या बाजूला पाच ताऱ्यांची एक वाकडी रांग होती, ती आधी कठड्याच्या बरीच वर होती आणि नंतर खाली उतरली. उजव्या बाजूला बाज होती, ती तेवढीच वर चढली. वडिलांनी मला हे खळ्यावर दाखवलं होतं. मळणीला मधे मेढ रोवतात, तिच्याभोवती बैल फिरतात. मेढीजवळचा बैल थोडकंच चालतो आणि कायम खळ्यातच असतो. कडेच्या बैलाला लांब फेरा पडतो. वडील म्हणाले होते, "ध्रुव म्हंजे मेढ. त्येच्या लगीचं तारं खळ्यातच ऱ्हात्यात, मावळत न्हाईत. बाज कडंचा बैल हाय. आपल्याकडं मेढ लई खाली रवलीय, म्हणून कडंचा बैल खळ्याभाईर जातो, जमिनीखालनं चक्कर मारतो आन् परत येतो." मग म्हणाले होते, लांब उत्तरेकडं गेलं की मेढ वर वर जाते, असं यात्रेकरू सांगतात, तिकडं बाजसुद्धा मावळत नाही. आता ते आठवून मला वाटलं, ह्यांच्या गुरुजींचं पुस्तक तिकडच्या माणसानं लिहिलेलं असणार.

हे मी ह्यांना सांगायचा विचार केला. पण सांगून उपयोग नव्हता. त्यांना आता सांगणारं माणूस नको होतं.

दिवसा मी त्यांची नजर चोरून तपासू लागले. हे सुट्टीमुळं दारात बसलेले असायचे आणि मी टॉवेलांच्या कडांचे दोरे कापत आत बसलेली असायचे.

"त्या गिरणीच्या पाटीवर खाली काय लिवलंय वो?"

"कुटं?"

"तितं, खाली बारीक."

"मिरची कांडप."

"आन् टाकीवर कावळं बसल्यात का पारवं?"

हे वळून माझ्याकडं बघायला लागले. "तुला आज टाकीवरची पाखरं का सुचाय लागली?"

मी मान खाली घालून दोरा कापला. थोड्या वेळानं ते आपणहून म्हणाले, "पारवं हाईत." मला तेवढं बरं वाटलं. पण पारवा आणि तारा ह्यात फार फरक आहे.

त्या रात्री गाठ आत जायला फार वेळ लागला. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. एकदा "आई गं" म्हणाले, हळूच. मी सुपारी कातरायचं निमित्त करून उठले आणि चुलीजवळ जाऊन बसले. आतडं अडकलं तर काय काय होतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी ते एक एक करून आठवत बसले. उलटी होते का, पोट फुगतं का, गाठ लाल होते का. शेवटी त्यांचा श्वास सरळ झाला.

शनिवारी पहाटे वारा सुटला होता. वर गेले तर आभाळ धुतल्यासारखं. फोकस चालूच होता, पण मी पाण्याच्या पिंपामागं बसून तो अडवला. आणि मला बाज पूर्ण दिसली, माझ्या वडिलांच्या वेळची, चारी पाय आणि तिन्ही चोर. उगवतीला ती उभी असते, पाय वर आणि चोर खाली लोंबणारे. मधला चोर स्पष्ट होता. मी त्याच्यावर नजर लावली.

तो एकटाच होता.

मी डोळे पुसले. पुन्हा बघितलं. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. लहानपणी मला ते बोचकं विनाकष्ट दिसायचं. मेंढरांच्या वाड्यात मी वडिलांना हटकून सांगायचे, चोरानं अजून बोचकं टाकलं नाही म्हणून. आता तिथं फक्त एक तारा होता. मी मनाला सांगितलं, फोकसमुळं असेल, खालचा धूर असेल, उजाडायला आलंय म्हणून असेल. खाली आले. त्या दिवशी मी भाजीत मीठ टाकायला विसरले, आणि ह्यांनी ते न बोलता खाल्लं, त्यानं मी जास्त घाबरले.

रविवारी ढग आले. पहाटे काहीच दिसलं नाही, ध्रुवसुद्धा नाही. दिवसभर ढग तसेच. मुलगी म्हणाली, "आई, पप्पांना झोपेत रिक्षात घालून नेऊ या का?" ती थट्टा करत होती, पण तिचा चेहरा तसा नव्हता. दवाखान्यात न्यायची पिशवी तिनं भरून ठेवली होती, टॉवेल, तांब्या, चादर. हे त्या पिशवीकडं बघायचे आणि पाय ओढून दुसऱ्या खोलीत जायचे.

संध्याकाळी ढग पातळ झाले. मग मी जे केलं ते करायला मला फार जड गेलं. मी कधी दुकानात स्वतःहून भाव विचारत नाही. मी पदर डोक्यावर घेतला आणि कारखान्याच्या फाटकाशी गेले. तिथं रात्रपाळीचे वॉचमन चाचा नुकतेच येऊन खुर्ची पुसत होते. आमच्या गल्लीत त्यांना सगळे चाचाच म्हणतात. मी फाटकाची सळई धरून उभी राहिले.

"क्या हुआ बेटी? पानी आया नई क्या?"

मी म्हटलं, पाणी आलंय. तो फोकस पहाटेला थोडा वेळ बंद करता येईल का.

"फोकस? कायकू?"

"तारा बघायचाय."

चाचांनी फडकं खुर्चीवर ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मग फोकसकडं, मग वर. "तारा देखनेकू लाइट बंद. चलो, ये बी सुने." मग त्यांना वाटलं असावं की मी रडेन, कारण ते एकदम मराठीवर आले. "असं बघ, बंद केला की मालकाच्या मोबाइलात दिसतंय. क्यामेरा काळा होतोय त्याचा. लगेच फोन करतोय, सोया क्या म्हणून."

मी मान हलवली आणि वळले.

"थांब की. मी न्हाई कुटं म्हटलं? लाइट गेली म्हणून सांगतो. सोलापुरात लाइट का गेली म्हणून आजवर कुणी इचारलंय का कुणाला? अजानच्या आधी बंद करतो. पण जास्त वेळ नक्को."

कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोमवारी पहाटे मी वर जाऊन बघून आले. ढग पांगले होते, पण खालच्या अंगाला धुरकट होतं. बाजेचे पाय वर आले होते, चोर अजून शेडच्या पत्र्याच्या मागं होते. फोकस चालू. आपल्याला आधी दिसली तरच ह्यांना उठवायचं, असं मी ठरवलं होतं. मला अजून दिसलेली नव्हती. आणि आता आठ वाजता भरती व्हायचं होतं.

मी खाली येऊन त्यांना हाक मारली. ते जागेच होते.

ते पुढं आणि मी मागं, असे आम्ही जिना चढलो. दर पायरीला ते गाठीवर हात दाबायचे. मुलगी खाली दारात उभी होती, मी तिला वर येऊ नको म्हणून खुणावलं. वर आल्यावर मी त्यांना ईशान्येकडं वळवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"बाज हाय," ते म्हणाले. पाच रात्रींत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला. लगेच तो गेला. "हुबी हाय."

मला माहीत होतं ते काय म्हणतायत. घरात मयत झाली की बाज उभी करून ठेवतात. एरवी कुणी करत नाही.

"उगवताना हुबीच असती," मी म्हटलं. "फिरत फिरत आडवी होती. तुमच्या वडलांनी दाखिवली ती उन्हाळ्यातली, आडवी."

फोकस डोळ्यावर येत होता. उगवतीला एक फिकट पट्टा दिसायला लागला होता. चोर आता पत्र्याच्या वर आले होते, पण धुरक्यात. जरा वर सरकले की धुरातून बाहेर पडणार होते. आणि जेवढे ते वर सरकत होते तेवढं उजाडत होतं. मला दोन्हीकडं बघवेना. बाजेकडं बघितलं तर ती हलत नव्हती, उगवतीकडं बघितलं तर तो पट्टा पसरत होता.

चाचा विसरले असं मला वाटलं.

"चाचा," मी म्हटलं. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग मी कठड्यावर वाकले आणि ओरडले. "चाचा, दिवा."

माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. गल्लीत एक कुत्रं उठलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, इतक्या वर्षांत तसं बघितलं नव्हतं. आणि फोकस विझला.

आधी काहीच दिसेना. मग हळूहळू आभाळ खोल झालं. आणखी तारे बाहेर आले. मी त्यांच्या खांद्याला धरून म्हटलं, "मधला चोर बघा."

"बघतोय."

"दिसला?"

"एकच हाय."

मी म्हटलं, "थांबा जरा. वर येतीय."

आम्ही थांबलो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, गाठ दुखत असताना ते घेतात तसा, तुटक. मी स्वतः मधल्या चोराकडं बघत होते. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदरानं टिपलं, पुन्हा बघितलं. तो एकच होता. कुठंतरी दूर लाऊडस्पीकर खरखरला. आता अजान होणार आणि दिवा लागणार. ह्यांनी मान वाकडी केली. मग सरळ केली. मग ते म्हणाले,

"खालच्या अंगाला."

"काय?"

"बारीक. खालच्या अंगाला, जरा डावीकडं. अगं, चिकटल्यागत हाय."

मी त्यांना कुठल्या बाजूला असतं ते सांगितलं नव्हतं. बाज उभी असताना ते बोचकं चोराच्या खालीच असतं, हे वाड्यातल्या पहाटांमुळं मला माहीत होतं. ह्यांनी तर ती फक्त आडव्या बाजेतच बघितली होती. म्हणजे त्यांना खरंच दिसत होतं.

"तुला दिसली न्हवं?" त्यांनी विचारलं. ते माझ्याकडं वळले. अंधार होता तरी त्यांचा चेहरा मला दिसला. मी जर नाही म्हटलं असतं, तर ते पुन्हा वर बघत बसले असते, की आपल्याला दिसलं ते खरं का खोटं. मग दिवा लागला असता आणि उजाडलं असतं.

"दिसली," मी म्हटलं.

"कशी हाय बघ. आपली जाग्यावर."

"व्हय."

अजान सुरू झाली. फोकस लागला आणि सगळं पांढरं झालं. हे जिन्याकडं निघाले. दोन पायऱ्या उतरून म्हणाले, "पानी तापीव. आंगूळ करून जाऊ." मी येते म्हटलं आणि तिथंच थांबले. पदर आडवा धरून पुन्हा त्या जागेवर बघितलं. आता मधला चोरसुद्धा पुसट झाला होता. मी उजाडेपर्यंत थांबले असते, पण खालून मुलीनं हाक मारली.

ऑपरेशन त्याच दिवशी दुपारी झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आतडं गाठीच्या तोंडाशीच होतं, बरं झालं आलात. हे शुद्धीवर आल्यावर पाणी मागायला लागले आणि नर्सबाई देईनात, तर त्यांच्याशी भांडायला लागले. मुलगी हसली. मी पण हसले. घरी आल्यावर चाचांनी फाटकातून विचारलं, "दिख्या क्या, बेटी?" मी मान हलवली.

आता ते जड काम करत नाहीत. मालकानं त्यांना कापडाच्या तपासणीला बसवलंय. माझ्या डोळ्यांचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला सांगितलं तर ती म्हणेल, आई, तुला चष्मा लागलाय, आणि कदाचित तेच खरं असेल. मी तिला सांगून चष्मा करून घेतला तर मला परत वर जाऊन बघावं लागेल. चष्म्यातूनही तो एकटाच दिसला तर मग काय, इथपर्यंत येऊन माझा विचार थांबतो.

माघ चालू आहे. बाज आता पहाटेची वाट बघायला लावत नाही, जेवणं होईपर्यंत वर आलेली असते. हे रोज स्लॅबवर जातात, सतरंजी टाकून पडतात आणि वरून हाक मारतात.

"अगं ये की वर. बाज आलीय बघ. आज लई साफ हाय."

"भांडी राहिल्यात," मी म्हणते.

"भांडी कुटं पळून जात्यात? चोर वर हाईत, खाली न्हाईत."

मी भांडी घासते, मग ओटा पुसते, मग उद्याची मटकी भिजत घालते. ते झालं की दोरे कापायचे टॉवेल असतात. वैशाखात ते सहा महिने सरतील, तोवर माझ्याकडं रोज रात्री काहीतरी काम राहिलेलं असणार आहे.